मृगातला न दिसलेला घोडा

सर, मृगातला तो घोडा अखेर सापडला. ज्याच्यासाठी तुम्ही एक अख्खा हिवाळा गास गावातल्या तुमच्या वाडीत स्टुलावर चढून दुर्बिणीला डोळा लावलात, तोच. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी टोकाच्या ताऱ्याखाली पुसट लाल ढग आहे आणि त्या ढगावर घोड्याच्या डोक्याची काळी आकृती आहे. तुमच्या पुस्तकात होती तशीच, फक्त हा फोटो मी काढलेला आहे. हल्ली मी उमेळ्याला राहतो. सेक्रेटरीची परवानगी काढून सोसायटीच्या गच्चीवर सहा दिवस संध्याकाळी कॅमेरा लावला. चारी बाजूंना टॉवरचे दिवे, खाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे. तरी जमलं, कारण आता एक लाल फिल्टर मिळतो. तो त्या ढगाचा तेवढा उजेड आत सोडतो आणि बाकी सगळा अडवतो. पाच-पाच मिनिटांचे सत्तरेक फोटो काढले. एकेका फोटोत नुसता करडा गाळ दिसतो. ते सगळे लॅपटॉपवर एकावर एक रचले, तेव्हा रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोडा वर आला. बायको भाकऱ्या थापत होती. तिला दाखवण्याऐवजी मी लॅपटॉप मिटला. सहा तासांचा उजेड साठवून जे जेमतेम दिसलं, ते आपल्या त्या दुर्बिणीतून नुसत्या डोळ्याला दिसणं शक्यच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. खरं सांगायचं तर कळलं नाही, कबूल करावं लागलं.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतात आणि मी तुमच्या हाताखाली नवा प्रयोगशाळा सहायक. पाचूबंदरचा, मासळीवाल्या घरातला, शाळेत पगारावर लागलेला आमच्या घरातला पहिलाच. पहिल्याच महिन्यात तुम्ही माझी बिनपाण्याने केलीत. दहावीच्या मुलांना लंबकाच्या प्रयोगाची रीडिंगं जमत नव्हती म्हणून मी उत्तरावरून उलटं गणित करून ती जर्नलात भरून दिली होती. सगळीकडे तेच चालायचं. तुम्ही मुलांना बाहेर पाठवलंत, दार लावलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "दिसलं तेवढंच लिहायचं. नाही दिसलं तर दिसलं नाही असं लिहायचं. तेसुद्धा निरीक्षणच असतं." संध्याकाळी तुम्हीच मला कॅन्टीनमध्ये चहा पाजलात आणि विचारलंत, "आरसा घासायला येशील का?"

मग चार महिने शाळा सुटली की आपण प्रयोगशाळेत रिकाम्या पिंपावर काच ठेवून घासतोय. पिंपाभोवती एक पाऊल, काच थोडी फिरवायची, पुन्हा एक पाऊल. तुम्ही घामाघूम, बाह्या दुमडलेल्या, मध्येच थांबून काच उजेडात धरताय. दुर्बिणीचा सहा इंची आरसा. स्टाफरूममध्ये तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की याच्यातून मृगातला घोडा दाखवीन. लोक हसले होते, पण आपल्याला त्याची फिकीर नव्हती. दुर्बीण वाडीत उभी राहिली ती नाताळाच्या सुमारास. चंद्र बघितला, शनी बघितला, तुमची मुलगी फ्रॉकवर उड्या मारत होती. घोडा मात्र दिसेना. हिवाळाभर रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम. घरी माझी आई करवादायची, "आबालात कोनाचं काय हरवलंय रं? जेवन थंड झालं."

त्या शेवटच्या संध्याकाळी तुम्ही पाऊण तास डोळा लावून बसलात, खाली उतरलात आणि विचारलंत, "तू बघ. तुला काही?" मी बघितलं. ठिपके होते, काळोख होता. मी म्हणालो, "दिसतंय सर. अगदी पुसट. मान डावीकडे वळवलेली." पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं.

तुम्ही किती खूश झालात! माझ्या पाठीवर थाप मारून तुम्ही पुन्हा वर चढलात आणि खूप वेळ बघत राहिलात. मग उतरून विहिरीच्या कठड्यावर बसलात. "म्हणजे आरसा उत्तम झालाय," तुम्ही म्हणालात. "माझेच डोळे गेले." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं आहे. मला थंडी वाजत होती, भूक लागली होती, आणि सरांना दिसत नाही ते मला दिसतं, याचा मला माज आला होता. डोळ्यांच्या डॉक्टरने तुम्हाला सांगितलं की वयाच्या मानाने नजर छान आहे. तुम्ही डॉक्टरवर विश्वास ठेवला नाहीत. माझ्यावर ठेवलात. पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर तुम्ही टेम्पो करून दुर्बीण आमच्या दारात आणलीत. "ज्याला दिसतं त्याच्याकडे असू दे," एवढंच बोललात, आणि माझ्या आईने दिलेलं सुकटाचं पुडकं घेऊन निघून गेलात. त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं जगलात. मला वाटत होतं, तुमचा नाद सुटला असेल, माणसाचे नाद सुटतात. तुम्हाला मातीही दिली, आणि मी मिठाची गुळणी धरून उभा होतो.

परवा तुमची मुलगी आली होती. फोटोचं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन मुद्दाम आली. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसून तिने लॅपटॉपवर घोडा बघितला, मोठा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाली, "हाच ना दादा तो? हा तुम्हाला दिसला आणि पप्पांना दिसला नाही तो? त्यानंतर संध्याकाळी ते अंगणात बसलेच नाहीत कधी. आम्ही खुर्ची टाकायचो बाहेर. म्हणायचे, मला आता काय दिसणार, आत घ्या." लॅपटॉप माझ्याकडे वळवून तिने विचारलं, "खरंच इतके खराब झाले होते का हो त्यांचे डोळे?"

माझ्यासमोर तुमची मुलगी बसली होती, पडद्यावर पुरावा होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. याहून सोपी वेळ कुणाला मिळत नाही. मी म्हणालो, "वय झालं होतं गं त्यांचं." तिने मान हलवली. जाताना मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पप्पांचं राहिलेलं तुम्ही पुरं केलंत."

सर, तुमचे डोळे चांगले होते. तिथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं आणि तुम्ही नेमकं तेच बघितलंत. ही दोन वाक्यं मला तिला सांगायची आहेत. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ते तिलाच नेऊन द्यायचं ठरवलं होतं, वरती फक्त तुम्हाला हाक मारली होती. आता लिहून झालं आहे आणि मी ते देणार नाही. तिने नमस्कार केला तेव्हा मला बरं वाटलं होतं.