मांजरं गेल्यावर

३ सप्टेंबर
पायाचं प्लास्टर अजून तीन आठवडे! वर्तकनगरचा तळमजला, एक खुर्ची आणि मी. लेक साकेत नोकरीला पुण्यात, नवरा श्रीपाद सोसायटीच्या कामात. सोबतीला उंदीर — मोरीतून येतात, माझ्या नाकासमोरून जातात. दिवसाढवळ्या! मी उठू शकत नाही, हे त्यांनाही कळलंय.

५ सप्टेंबर
प्लास्टरची कड कुरतडलेली!! ओरडायचीही लाज वाटली.
जूनमध्ये श्रीपादने आवारातली सातही मांजरं पोत्यांत भरून घोडबंदरच्या पुढे सोडली. सेक्रेटरी ना! तेव्हा सगळे खूश होते. आता तेच दारात येऊन विचारतात, "उंदरांचं काय करताय?"

९ सप्टेंबर
मोरीत चार दिवस खडखड नाही. आज कारण दिसलं. खिडकीखालच्या गटाराकडेने धामण चालली होती, चांगली हातभर नाही, पुरुषभर! तोंडात उंदीर. भीती वाटली, पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं. धामणीला विष नसतं. श्रीपादला सांगितलं तर हाकलून देईल. नाही सांगणार.

१२ सप्टेंबर
दिवेलागणीला वरच्या हौसाबाई आल्या. "भाऊ, गटारात जनावर हाय."
कोकणातल्या त्या. दिवा लागल्यावर सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. आम्ही पडलो देशावरचे! श्रीपादला वाटलं, मांजर परत आलं. पोतं घेऊन तसाच गटारात उतरला. "अरे, थांब!" म्हणून खुर्चीतून ओरडले, कोण ऐकतंय! साप बघून घसरला. गुडघा चांगलाच सोलवटला, अंगभर घाण पाणी. वॉचमनने धामण ठेचली.
गुडघ्याला हळद लावली. तो हसत होता.

१६ सप्टेंबर
खडखड परत.

२० सप्टेंबर
श्रीपादला ताप. पोटऱ्या दुखतात, डोळे लालबुंद. म्हणतो, "व्हायरल आहे गं."

२३ सप्टेंबर
लेप्टो. उंदरांच्या मुतातून होतो, जखमेतून आत शिरतो. किडनीवर गेलंय. साकेत रात्रीच आला, तोच हॉस्पिटलात आहे. मला नेत नाहीत, माझा पाय! इथे बसून फोनकडे बघते आणि मोरीकडे.

२४ सप्टेंबर
डायलिसिस सुरू. साकेत फोनवर चिडला — "बाबांना ही मांजरं हाकलायची अवदसा कुठून आठवली?"
"जेवून घे," म्हटलं आणि फोन ठेवला.
मांजरांच्या तक्रारीचा अर्ज मी लिहिला होता. श्रीपाद तर त्यांना रोज दूध घालायचा.