गाणी गाळून वाचा

अकोला, शनिवार, दिवेलागण, १९६१

अकोटच्या शाळेत मी शिकवायचो तेव्हा माझा अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि छपरावरची कबुतरं भुर्रकन उडायची. वाचनालयातून परतताना तो आवाज कानात होता आणि डोकं तापलेलं.

जादूच्या राज्याची ती कादंबरी, तीन भागांतला पहिला भाग. दुसरा मागवायचा की नाही, हे आज वाचकांच्या मतांवरून ठरायचं होतं. आमच्याकडे मत द्यायची जागा म्हणजे पुस्तकाचं शेवटचं कोरं पान. तिथे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'गाणी गाळून वाचा.' खाली चौघांच्या सह्या! अरे, ती राजकन्या पहाड ओलांडते तीच मुळी गाण्यांच्या बळावर. गाणी गाळली तर उरलं काय, नुसती पायपीट?

कापसाचे अडते गुलाबराव तर सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, बुढापा आला अन् तुमी राक्षसाच्या गोष्टी वाचून राहिले? काहून हा पोरखेळ?" सगळे हसले. दुसरा भाग नामंजूर. मी पुस्तक माझ्या नावावर लिहून घेतलं आणि उठलो. गाणी गाळून वाचा म्हणे! आता या वयात राजकन्येचं पुढे काय झालं ते मला कळणार तरी कधी?

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात गुलाबराव, खाली मान घालून.

"गुरुजी, ते पुस्तक द्या. मायले दिसत नाई, मीच रोज वाचून दाखवतो तिले. आज मतांसाठी पुस्तक परत केलं, अन् आता नाई म्हटलं तर जेवाले तयार नाई ती. अन् दुसऱ्या भागाचं... मी सांगतो उद्या वाचनालयात, मागवा म्हणून."