एकेचाळीस नंबरची ज्वारी

प्रिय मनिषा,

पाटोद्याला संसारात रमलीस ना? फोनच करणार होते, पण फोनवर तू "जाऊ दे गं सत्या" म्हणून मोकळी होतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

अंबाजोगाईच्या आपल्या खोलीत तोच पंखा कुरकुरतो आणि तेच काम चालतं. ज्वारीचे फोटो बघायचे, "तग धरते" की "कमजोर" एवढं लिहायचं, आणि दोघींचं जुळलं की एआय त्यावरून शिकणार, दुष्काळात कोणतं वाण टिकेल ते. तू गेल्या महिन्यात नोकरी सोडलीस, पण तुझ्या सह्या इथेच आहेत. सोमवारी यादी लागली. एकेचाळीस नंबर कमजोर, पुढच्या हंगामात पेरायचा नाही. यंदा नंबरासमोर बियाणं देणाऱ्याचं नावही पहिल्यांदाच छापलंय. ते वाचलं आणि मी तडक चाचणीच्या प्लॉटवर गेले.

भर दुपार होती. पानांच्या सुरळ्या झालेल्या, अगदी आपल्या फोटोंतल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेले, तर तीच पानं सपाट, उघडी, हिरवीगार! शेजारच्या एकोणचाळीस नंबरची पानं दुपारी ताठ दिसतात म्हणून आपण त्याला शाबासकी दिली, त्याचे मात्र शेंडे करपायला लागलेत. अगं, आपले सगळे फोटो दुपारी एकचे, कारण सेंटरची गाडी त्याच वेळी पोचते! ऊन चढलं की ज्वारी पानं मिटून ओल वाचवते, हे शेतकऱ्याच्या पोरींनी विसरावं? मशीनला काय बोल लावायचा? त्याला उलटं शिकवलं आपणच. मला माझाच इतका राग आला की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

दोन्ही वेळचे फोटो सेंटरप्रमुख अमरनाथ सरांच्या टेबलावर ठेवले. ते म्हणाले, दोघींच्या सहीचा शेरा एकटीला बदलता येत नाही, आणि फार ताणलंत तर तुमचा करार पुढे चालवायचा का ते बघावं लागेल. मी म्हटलं, खुशाल बघा. नोकरी गेली तर गेली, पण चुकीच्या शेऱ्याखाली माझं नाव मी राहू देणार नाही.

आता यादीत छापलेलं ते नाव सांगते. एकेचाळीस नंबर म्हणजे तुझ्या आईची, उमापूरच्या तुळजाबाईंची ज्वारी. बियाणं माझ्या हातात देताना त्यांनी बजावलं होतं, "मनीला कळू देऊ नको. लई मायाळू हाय ती, झुकतं माप देईल. माझी ज्वारी तिच्या गुणावर पास होऊ दे." तो शब्द आज मोडतेय. सोबत फोटो आणि शेरा बदलायचा फॉर्म आहे. पुढच्या शुक्रवारच्या आत तुझी सही हवी. पण आईकडे बघून सही करू नकोस. आधी फोटो बघ, पटलं तरच कर. आणि नाहीच पटलं, तर उमापूरला जाऊन आईला तोंडावर सांग, तुझी ज्वारी कमजोर कशी ते. मी येईन तुझ्याबरोबर, ऐकायला.

तुझीच हट्टी,
सत्यशीला