मलपृष्ठावरचा फोटो

लिहून ठेवणार मी, बद्रीनाथ पुंजाराम औताडे, वय वर्षे ७६, धंदा पुस्तक प्रकाशन, राहणार औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर. पोलीस ॲक्शन झाली त्या साली, १९४८ ला, जन्मलो, त्यामुळं वय सांगताना कधी अडलो नाही. साखरेचा आजार आहे, डोकं ठिकाणावर आहे. कुणी दडपण आणून हे लिहून घेतलेलं नाही. उलट वकीलबाई अजरा मला सारखी सांगत होती की काका, मृत्युपत्रात एवढी हकिकत लिहायची गरज नसते. मला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

१. राहतं घर व खालचं दुकान माझा एकुलता मुलगा बन्सी यास द्यावं. त्याची आई द्वारकाबाई गेल्यापासून त्यानं मला एक दिवस एकट्याला जेवू दिलं नाही. दुकानात पुस्तकंच ठेव, मोबाईल विकायचे नाहीत, असं मी त्याला दहा वर्षं बजावत आलो. ते बजावणं मागे घेतो. पुस्तकांचं मी काय केलं ते पुढं आहेच.

२. बँकेतली ठेव बन्सीच्या दोन्ही मुलींना सारखी वाटून द्यावी. भांडू नये.

३. पायानं चालवायचं जुनं छपाई मशीन व टाईपाच्या खिळ्यांच्या सगळ्या पेट्या चांदपाशा, राहणार खुलताबाद, यास द्याव्यात. चाळीस वर्षं त्यानं माझ्याकडं खिळे जुळवले. अजरा त्याचीच मुलगी. त्यानं मशीन विकावं नाहीतर ओसरीत ठेवावं, बन्सीनं मध्ये बोलू नये.

४. आमच्या साहित्य सभेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. ते माझ्याबद्दल चांगलं बोलतील. त्यांनी काय केलं तेही पुढच्या कलमात येईल, पण त्यांच्या आडून मला सुटायचं नाही.

५. आता मुख्य गोष्ट. सन १९९८ साली लासूर स्टेशनच्या चतुराबाई बोडखे माझ्याकडं हस्तलिखित घेऊन आल्या. बाई टेलिफोन ऑपरेटर. डोळ्याला चष्मा, हातात घड्याळ, कडक इस्त्रीची साडी, गावात लूनावर फिरायच्या. त्यांच्या आईनं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सांडलेलं धान्य झाडून, पाखडून पोरं वाढवली, त्याची ती हकिकत होती. लिखाण अस्सल होतं. पण त्याच्या दोन वर्षं आधीपासून माझी पुस्तकं गोदामात पडून होती, आणि मला एवढं कळलं होतं की वाचकाला दुःख भोगलेली बाई समोर दिसावी लागते. ही बाई तशी दिसत नव्हती.

म्हणून मी प्रेस झाडायला येणाऱ्या सरूबाईचं जुनेर लुगडं मागून आणलं. चतुराबाईंना ते नेसवलं, चष्मा काढायला लावला, घड्याळ माझ्या खिशात ठेवलं, हातात सूप दिलं आणि मोंढ्यात उभं करून फोटो काढला. चांदपाशा तिथंच होता. तो म्हणाला, "मालक, बाईकू ऐनक कायकू उतारने लगाए? ऐनक लगाकेच तो लिखे ना उनो." मी त्याला गप्प बसवलं. फोटो मलपृष्ठावर छापला, खाली नाव छापलं, आणि आईचं जिणं लेकीच्या नावावर गेलं.

पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या झाल्या. सभासंमेलनांची बोलावणी येऊ लागली. तात्यासाहेबांनी निरोप धाडला की बाईंनी फोटोत आहे तसंच नेसून यावं. मी तो निरोप जसाच्या तसा लासूरला पोहोचवला. बाई रेल्वेनं साडी नेसून यायच्या, माझ्या दुकानामागं लुगडं नेसायच्या आणि स्टेजवर चढायच्या. सहा वर्षं हे चाललं.

२००४ साली त्यांनी दुसरं हस्तलिखित आणलं, कादंबरीचं. टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई, अडत्यांची भांडणं, चोरून बोलणारे नवरे-बायका, ट्रंक कॉलवर जुळलेली सोयरीक. मी इतका हसलो की चहा धोतरावर सांडला. एका बैठकीत वाचून संपवलं. आणि मग मलपृष्ठावरची बाई आठवली. ती बाई हसवायला लागली तर पहिल्या पुस्तकाचं काय, या भीतीनं मी ते परत पाठवलं. सोबत आमच्या वाचक समितीचा अभिप्राय जोडला: लेखन उथळ, लेखिकेच्या जीवनानुभवाशी विसंगत. समिती कसली? मीच ती. तीन सह्या तीन पेनांनी मी केल्या. पुढची तीन पुस्तकं मलाच द्यायची असा करारनामा मी आधीच करून घेतला होता, त्यामुळं बाईंना दुसरीकडं जाताही आलं नाही. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. हे पाप माझं आहे.

त्याच वर्षी मालिकेत सासऱ्याचं काम करणाऱ्या एका नटाचं आत्मचरित्र मी काढलं. ते त्यानं लिहिलं नव्हतं, मी वाचलं नव्हतं. प्रकाशनाला लोक जिन्यापर्यंत उभे होते. त्यानं पुस्तक उघडलं नाही. उलटं करून स्वतःचा फोटो पाहिला आणि बरा आलाय म्हणाला.

६. या मृत्युपत्राच्या पहिल्या खर्ड्यात मी असं लिहिलं होतं की माझ्या मृत्यूनंतर बन्सीनं ती कादंबरी छापावी आणि वरची हकिकत प्रस्तावनेत द्यावी. लिहून झाल्यावर फार हलकं वाटलं. तो खर्डा घेऊन गेल्या आठवड्यात लासूरला गेलो, बाईंना वाचून दाखवला. बाई आता सत्तरीच्या आहेत. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही मरून सुटाल, बद्रीभाऊ. लोक मग मला धरतील. म्हणतील, बाई खोटी व्हती."

मरणानंतरही मी त्यांनाच पुढं उभं करून मागं लपायला निघालो होतो. परत आलो आणि खर्डा फाडला.

७. सबब बाईंनी जपून ठेवलेली ती कादंबरी त्यांच्या संमतीनं आता छपाईला गेली आहे. येत्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सभेच्या सभागृहात मी स्वतः उभा राहून लुगड्याची व समितीची हकिकत सांगणार आहे. तोवर माझं बरंवाईट झालं तर बन्सीनं कलम पाच तिथं मोठ्यानं वाचावं. बापाची लाज वाटली तरी एक शब्द गाळू नये.

८. चतुराबाईंच्या दोन्ही पुस्तकांचे हक्क मी आज वेगळ्या पत्रानं त्यांना परत केले आहेत आणि करारनामा त्यांच्यासमोर फाडला आहे. म्हणून या मृत्युपत्रानं त्यांना काहीही मिळत नाही. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईनं सांगितलं. बाईंना ती अडचण नाही. त्यांनी हे सगळं वाचावं, खोटं असेल तर सही करू नये, अशी मी त्यांना हात जोडून विनंती केली.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २ सप्टेंबर २०२४

(सही) बद्रीनाथ पुंजाराम औताडे

आम्हां दोघांच्या समक्ष वरील इसमानं सही केली व त्याच्या समक्ष आम्ही केली.

साक्षीदार:

१. (सही) डॉ. काकासाहेब रिठे, औरंगपुरा. प्रकृती तपासली, शुद्धीवर आहेत.

२. (सही) चतुराबाई सांडू बोडखे, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, लासूर स्टेशन. वाचून सही केली. कलम पाचात एक गोष्ट राहिली आहे. लुगडं नेसताना मी नाही म्हटलं नव्हतं. मलाही पुस्तक छापून पाहिजे होतं.