आईच्या नावाचं झाड आणि माझी करवत

दोलिना, सस्कॅचवान
ऑगस्ट अखेर, गहू कापणीला आलेला

तीर्थस्वरूप स्टेफाताईच्या पायांशी धाकट्या ओरेस्तचा नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच केला आहे, चालवून घे).

तुझी कंबर आता बरी असेल, आणि तुमच्या बेटावर नेहमीसारखाच पाऊस पडत असेल आणि लोक त्याला हिवाळा म्हणत असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक. नादियाचा रक्तदाब वाढलेला असतो आणि तो माझ्यामुळे वाढतो, असं मत आहे. डॉक्टरांचं नाही, नादियाचं. यंदा गारा पडल्या नाहीत. पडल्या असत्या तरी मला कोणी बोलावलं नसतं. सगळी नोकरी विमा कंपनीसाठी गारांनी झोडपलेली शेतं बघण्यात गेली. बांधावर उभं राहायचं, एक नजर टाकायची आणि शेतकऱ्याला सांगायचं, हे पीक मेलं, हे जगेल. या कामाचा मला किती अभिमान होता ते तुला ठाऊक आहे. तो आता उरलेला नाही. का उरला नाही, तेच या पत्रात लिहायचं आहे.

तू दर रविवारी फोनवर विचारतेस की आईच्या नावाने लावलेलं झाड केवढं झालं, आणि दर रविवारी मला तुझा आवाज नीट ऐकू येईनासा होतो आणि मी फोन नादियाच्या हातात देतो. जूनमध्ये तुला एक फोटो पाठवला होता. त्यात झाड चर्चच्या घुमटाहून उंच दिसतं. तो मी गवतात पोटावर झोपून काढला होता (उठवायला फादर यारोस्लाव आणि त्यांचा ड्रायव्हर असे दोघे लागले). आता खरं काय ते सांगतो, आणि सुरुवात तुझ्यापासूनच करतो, कारण सुरुवात तूच केलीस.

आईच्या अंत्यविधीनंतर आपण चर्चच्या तळघरात कोबीचे होलुब्त्सी खात बसलो होतो. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, चर्चसमोर अगदी ओकंबोकं आहे, इथे आईच्या नावाने एक झाड हवं, ते चांगलं दिसायला लागलं की मी बघायला येईन. पुढे म्हणालीस, चेरी लाव. तुझ्या बेटावर चेरी रस्त्याकडेला कुत्र्यासारखी कुठेही उभी असते, पण इथे उणे चाळीसमध्ये आपली थुंकीसुद्धा जमिनीवर पोचेपर्यंत खडा होते, हे तुला आठवायला हवं होतं. मला तर हवंच होतं. पण मी चार वर्षांचा असल्यापासून तुला नाही म्हणायला शिकलेलो नाही. चेरी मागवली, लावली, आणि ऑक्टोबरपासून तिला कपडे घालायला लागलो. आधी पोती, मग जुनी रजई, मग नादियाने नको म्हणताना तिचा फरचा कोट, आणि सगळ्यांच्या आत विजेवर तापणारं ब्लँकेट. त्याची वायर चर्चच्या भिंतीवरच्या प्लगला लावली. त्याच प्लगवर फादर आपल्या मोटारीचं इंजिन ऊबदार ठेवतात. दुसऱ्या दिवशी मोटार सुरू झाली नाही, फादर एका बाप्तिस्म्याला वेळेवर पोचले नाहीत, आणि ते बाळ अजूनही मला बघितलं की रडतं (बाळ तसं सगळ्यांनाच बघून रडतं, पण गावाने कारण माझ्यावर ढकललं आहे).

सात जानेवारीला, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे आपल्या नाताळच्या सकाळी, झेनोविया बोदनार आल्या. भजनमंडळ आणि बायकांचं स्वयंपाकघर दोन्ही अजून त्याच चालवतात. शहाऐंशीच्या झाल्या, नजर अधू झाली, जीभ मात्र तशीच आहे. त्या चेरीसमोर थांबल्या आणि नाताळचा नमस्कार म्हणून म्हणाल्या, "ख्रिस्त जन्मला." उत्तर आलं नाही. मोठ्याने म्हणाल्या. तरी नाही. आत येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की बाहेर नादिया फरचा कोट घालून उभी आहे आणि आता तिला साधं बोलायचीही शुद्ध राहिलेली नाही. नादिया त्यांच्या शेजारीच बसली होती.

मे महिन्यात मी एकेक थर उतरवला. थंडीने चेरीचं काहीही वाकडं केलं नव्हतं. त्या उबेत उंदरांची चार-पाच कुटुंबं हिवाळाभर सुखाने राहिली होती आणि त्यांनी खोडाची साल चहूबाजूंनी कुरतडून खाल्ली होती. कोटाचं अस्तरही. चेरी मेली. कोटाबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण हे पत्र नादिया वाचणार आहे.

मग झाड निवडायला समिती नेमली. त्या दिवशी मी फ्लूने अंथरुणात होतो, म्हणून मला अध्यक्ष केलं. दुसऱ्या बैठकीत मी आपला कणखर झाडांची नावं घेत होतो आणि प्रत्येक नावावर एक माणूस उठत होता. पॉप्लर म्हटलं तर त्याचा कापूस उडून भजनमंडळाच्या घशात जातो. एल्मला रोग येतो. ॲश प्रत्येकाच्या अंगणात आहे, आईसाठी तेच लावणार का. स्प्रूस दफनभूमीत आहेत, लोकांना वाटेल दफनभूमी पुढे सरकली. मी ओक म्हटलं. ओक कितीही थंडी, कितीही दुष्काळ सहन करतो. पण फादर म्हणाले की त्याची सावली पडेपर्यंत आपण सगळे आपापल्या पाट्यांखाली असू. शेवटी मी सास्काटूनच्या बाहेर एका रोपवाटिकेत गेलो आणि तिथल्या बाईंना म्हणालो, मला असं झाड द्या की ते मारायचं म्हटलं तरी मरणार नाही. (हे वाक्य आता आठवलं की मला बसावं लागतं.) त्यांनी सायबेरियन लार्च दाखवला. स्प्रूससारखाच सुयांच्या पानांचा, पण नाजूक, मऊ हिरवा, माझ्याहून हातभर उंच. बाई सांगत होत्या की याला थंडी लागत नाही, वारा लागत नाही, पाण्याची फार आस नाही. पुढे आणखीही काही सांगत होत्या, पण तोवर मी पिकअपची मागची फळी उघडायला गेलो होतो.

पुढच्या बैठकीत सायबेरिया हा शब्द ऐकून झेनोविया उभ्या राहिल्या. त्यांची मावशी कुटुंबासकट तिकडे धाडली गेली होती आणि परत आली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "आपली माणसं त्यांनी तिकडे नेली, आणि तिकडचं झाड आपण हौसेने इकडे आणायचं?" फादर हळूच म्हणाले, "झेनोविया, त्या झाडाला तरी कुठे विचारलं होतं, तिकडे उगवायचंय का म्हणून." त्या खाली बसल्या. लार्च लागला. पितळेची पाटी तर आईचं नाव घालून चेरीच्या वेळीच करून घेतली होती, ती लावली. ताई, तो उन्हाळाभर झाड इतकं सुंदर दिसत होतं की मी रोज संध्याकाळी काही कारण काढून चर्चवरून जात होतो. तुला तेव्हाच बोलवायला हवं होतं. पण मला वाटलं, अजून थोडं वाढू दे.

ऑक्टोबरमध्ये ते पिवळं पडलं. पिवळं म्हणजे टोकापासून बुडापर्यंत. मी पाणी घातलं, खत घातलं, वाऱ्याच्या बाजूने गवताच्या पेंढ्या रचल्या. मग एका आठवड्यात सगळ्या सुया गळून पडल्या आणि नुसता सांगाडा उरला. स्प्रूसच्या सुया गळल्या की स्प्रूस मेला, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. नादिया म्हणाली, वसंतापर्यंत थांबा. मी तिला म्हणालो की मी जन्मभर हेच काम केलं आहे, जिवंत काय आणि मेलेलं काय ते मला एका नजरेत कळतं. नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का ते बघायचं असतं. हे मी नवीन पोरांना शिकवत असे. पण हातात जाड मोजे होते, वारा होता, आणि निकाल तर मी मनात आधीच दिलेला होता.

आईच्या नावाखाली मेलेलं झाड हिवाळाभर उभं ठेवायचं मला बघवेना. डिसेंबरात, कोणी नसताना, मी करवत घेऊन गेलो. गुडघ्याएवढं बर्फ साचलं होतं, त्याच्या वर कापलं. डोळ्यांत पाणी आलं ते थंडीने, असं मी नादियाला सांगितलं, आणि तीही ते धरून बसली नाही. टाकवेना, म्हणून झाड घरी आणलं आणि बैठकीच्या खोलीत पाण्याच्या बादलीत उभं केलं. नादियाने त्यावर नाताळची सजावट केली. सुई एक नाही, नुसत्या काड्यांवर काचेचे गोळे. आलेल्यांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

सण झाले, पण मला ते बाहेर टाकायचा धीर होईना. फेब्रुवारीत एका सकाळी मी दाढी करत होतो. बैठकीतून नादियाचा आवाज आला, अगदी शांत.

"अहो, तुमचं मेलेलं झाड हिरवं होतंय."

मी अर्ध्या दाढीने बाहेर आलो. प्रत्येक काडीवर, गोळ्यांच्या मधे मधे, हिरवे कोवळे झुपके फुटले होते. लार्च दर हिवाळ्यात सुया गाळतो आणि वसंतात नव्या आणतो. तो तसाच असतो. रोपवाटिकेतल्या बाई तेच सांगत असणार. मी आईचं जिवंत झाड कापलं होतं, आणि ते घरात बादलीतल्या पाण्यावर मला हिरवं होऊन दाखवत होतं. मी खुर्चीवर बसलो. नादियाने माझ्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि तीही शेजारी बसली. 'मी सांगितलं होतं', असं तिने म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दोनेक आठवड्यांनी ते बादलीतलं झाड सुकलं, सुकणारच होतं. मी फावडं घेऊन चर्चला गेलो आणि त्या खुंटावर आणखी बर्फ रचलं. बर्फाखाली दोन फांद्या राहिल्या होत्या, तेवढ्याच. गावभर बातमी झालीच. झेनोवियाबाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यांना माहीत होतं, उत्तरेला त्यांच्या काकांच्या दलदलीत अशीच झाडं होती. मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "सायबेरियाचं होतं ना. मला वाटलं, जातंय तर जाऊ दे." पुढे म्हणाल्या की आता त्यांना तसं वाटत नाही, आणि बर्फ आणखी टाक.

मे महिन्यात खालच्या दोन्ही फांद्या हिरव्या झाल्या. नादियाने त्यातली जोमदार फांदी उभी करून हॉकीच्या काठीला आपल्या जुन्या पायमोज्यांनी बांधली, म्हणजे तिचा शेंडा होईल. तर ताई, आईच्या नावाचं झाड आज कमरेएवढं आहे, हॉकीच्या काठीला टेकून उभं आहे, आणि त्याच्यापेक्षा त्याची पाटी जास्त उठून दिसते. पण ते वाढतंय.

मोठ्यांना नमस्कार, नातींना गोड पापे. तुझा,
ओरेस्त

ता. क. हे सगळं लिहिलं ते एवढ्याचसाठी: तू झाड चांगलं दिसायची वाट बघू नकोस, ऑक्टोबरात ये. तेव्हा ते सोन्यासारखं पिवळं होतं आणि मग सुया गळतात. सगळं माहीत असूनही त्या आठवड्यात माझा हात करवतीकडे जाईल, अशी मला भीती वाटते. तेवढे दिवस माझ्याजवळ बसायला घरचं कोणीतरी हवं.

ता. क. (नादियाच्या हातचा) वन्सं, करवत मी फेब्रुवारीतच माझ्या बहिणीकडे यॉर्कटनला पाठवून दिली. हे त्यांना माहीत आहे. तरी या.