वरची फळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबे पुन्हा खाली! सकाळी ऑफिसला निघताना सगळे वरच्या फळीवर ओळीने लावून गेले होते. संध्याकाळी येऊन बघते तर ओट्यावर ही दाटी — साखर, मीठ, डाळी. भाजी चिरायला वीतभर जागा नाही. सासूबाई म्हणाल्या, "असू देत गं खालीच." का? विचारलं, तर लसूण सोलायला बसल्या. मी काय ते तोंडावर बोलणारी. हे मुकाट डावपेच मला जमत नाहीत.

४ फेब्रुवारी

वर ठेवले. खाली आले.

६ फेब्रुवारी

नवऱ्याला मध्ये घातलं. म्हणे, "तुम्ही दोघी काय ते बघून घ्या." जेवायला मात्र वेळेवर हजर.

जेवताना सरळच विचारलं — आई, माझ्यावर राग आहे का? "राग कसला?" म्हणाल्या, आणि ताट घेऊन उठल्या. ठरलं. आता माघार नाही. वर दारं असलेलं कपाटच करून घेते. डबे आत, दार बंद. मग बघू.

८ फेब्रुवारी, रविवार

सुतार मापं घ्यायला आला. माझे हात साबणाचे, म्हणून त्याने टेपचं टोक सासूबाईंना दिलं. "आजी, वर धरा जरा." त्यांचा उजवा हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. सुतार म्हणाला, "अजून वर." त्या त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

मी टेप घेतला. विचारलं, कधीपासून?

"थंडी सुरू झाल्यापासून."

"आणि डबे?"

"डाव्या हाताने काढते. एकेक."

"सांगायचं ना, आई."

"तू म्हणाली असतीस, आता बसून राहा. दिवसभर बसून काय करू गं मी?"

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंडावर बोलते म्हणून मिरवते, आणि माझ्याच घरात हात दुखतो एवढं सांगायची चोरी!

उद्या डॉक्टर. नको म्हणाल्या तरी नेणार. पण स्वयंपाकघर त्यांचंच राहणार. कपाट रद्द, ओट्याखाली कप्पे. सुताराने विचारलं, आजींना वाकवेल का? "गुडघे ठणठणीत आहेत माझे," उत्तर आतून आलं.

१५ फेब्रुवारी

कप्पे झाले. साखरेसाठी आता मला वाकावं लागतं. "कंबर धरेल तुझी," सासूबाई म्हणाल्या.

"धरली की लगेच सांगेन. तुम्हीही सांगत जा. काहीही असो."

त्यांनी जरा विचार केला.

"मग सांगतेच. तुझा चहा मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही."