माझ्या दोन्ही आवाजांची व्यवस्था

मी गुरुराज नरहरीराव, वय एकाहत्तर, राहणार मैलापूर, चेन्नई, मूळ घराणे तंजावरचे, व्यवसाय हरिकथा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. घशातली स्वरपेटी तेवढी नाही. कर्करोगामुळे ती काढावी लागली. ज्याला आवाज नाही त्याची इच्छा तरी काय धरायची, असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून हे आधीच लिहिले.

१. राहते घर, खालचा व वरचा मजला, माझा एकुलता मुलगा सुधींद्र याला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ऋजुता, मूळची साताऱ्याची, हिला तिच्या मनात असेपर्यंत कोणी उठवू नये. माझी पत्नी कै. सईबाई हिची पितळी भांडी सुनेला. तिने ती आधीच नेली आहेत, आणि बरे केले.

२. चिपळ्याही सुधींद्रला. लहानपणी तो माझ्यामागे उभा राहून धृपद उचलत असे. आता तो बँकेत आहे आणि गात नाही. तरी त्याच्याच.

३. माझे बोलण्याचे यंत्र, म्हणजे गळ्याला लावले की गुणगुणणारी ती नळी, ज्या रुग्णालयात मला मिळाली तिथेच परत द्यावी. तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञ कामाक्षी यांनी ती पुढच्या रुग्णाला द्यावी. त्या नळीने मला कसे बोलते केले ते इथे सांगणे भाग आहे, कारण पुढची कलमे त्यावर उभी आहेत.

शस्त्रक्रियेनंतर मी घरात गप्प बसे. यंत्राने बोललो की एकाच सुराची भुणभुण निघे आणि नातवंडे हसत. ऋजुता इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या गिअरचा आवाज तपासण्याचे काम करते. एका रविवारी ती भाडे द्यायला खाली आली. मी यंत्र लावून "बस" म्हणालो. ती बसली नाही, तशीच ऐकत राहिली.

"काका, हा सूर पाच कट्टैच्या जवळ आहे ना?" ती म्हणाली. इथे आम्ही पट्टीला कट्टै म्हणतो. हा शब्द ती माझ्याच जुन्या कॅसेटी ऐकून शिकली होती. "हा सूर हलवता आला तर?"

तिने यंत्राला एक लहान कीबोर्ड जोडला. उजव्या हाताने नळी गळ्याशी, डाव्या हाताची बोटे पट्ट्यांवर, आणि तोंडाने नुसते शब्द. पहिल्यांदा सा वरून रे वर गेलो, परत सा वर आलो, पुन्हा रे वर गेलो. मग मी आजोबांची चाल धरून एक साकी, म्हणजे कथेतले छोटे पद, म्हणायला घेतली. ओळ संपली आणि माझ्या ध्यानात आले की मी श्वास घेतलेला नाही. घ्यायची गरजच नव्हती. श्वास आता गळ्याच्या छिद्रातून आपला वेगळा चालला होता. जन्मभर मी कथा सांगताना दम कुठे घ्यायचा याचा हिशोब केला. आता ओळ हवी तितकी लांब जाऊ शकत होती. मी ती लांबवली. ऋजुता हलली नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला तरी मी त्याच ओळीत होतो. देवापुढे उभे राहूनही मला कधी असे वाटले नव्हते.

त्यातून आमचा अल्बम झाला. नाव 'श्वासावेगळे'. शब्द आणि चाली माझ्या. खालचे घुमणारे सगळे नाद तिने संगणकावर रचले, काही तिच्या गिअरचेच.

४. पहिल्यांदा तो मैलापुरात एका छोट्या सभागृहात ऐकवला. ज्या सभेत, म्हणजे इथल्या संगीतसंस्थेत, मी तरुणपणापासून कथा केल्या, तिने जागा नाकारली. तिच्या कार्यवाहांना मी काहीही ठेवत नाही; क्षमाही तूर्त नाही. एका समीक्षकाने लिहिले की फ्रिज गातो आहे. माझा मृदंगवादक विश्वेश दुसऱ्याच गाण्याला उठून गेला. पुढे त्याने कारण सांगितले. "गुरु, तू गेल्यावर तुझी कथा लागलीय असं वाटलं. बसवेना मला." त्याला मी साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, हे त्याला हसत सांगितले.

मग कामाक्षींनी तो रुग्णालयातल्या एका खोलीत त्यांच्या रुग्णांना ऐकवला; मीही गेलो होतो. सगळे माझ्यासारखे, स्वरपेटी गेलेले. त्यांत श्रीलक्ष्मी नावाच्या शिक्षिका होत्या. बाईच्या गळ्यातून पुरुषी भुणभुण निघते म्हणून त्या लोकांत यंत्र लावतच नसत, पाटीवर लिहीत. तिसरे गाणे चालू असताना त्यांनी पिशवीतून नळी काढली, गळ्याला लावली आणि तो सूर धरला. शेजारच्याने धरला. मग सगळ्या खोलीने. तंबोऱ्यांची रांग लागावी तसा तो नाद होता, आणि कुणालाच दम लागत नव्हता. गाणे संपले तरी तो थांबेना. शेवटी श्रीलक्ष्मी तमिळमध्ये म्हणाल्या, "अण्णा, इन्नोरु तडवै." अण्णा, पुन्हा एकदा. मी बाहेर रुग्णालयाच्या आवारात जाऊन उभा राहिलो. जे ऐकले ते माझे आहे असे म्हणायची मला छाती झाली नाही, आजही होत नाही.

५. म्हणून 'श्वासावेगळे'चे सर्व हक्क ऋजुताला. रुग्णांनी तो कुठेही, कधीही वाजवावा; त्यांना परवानगी लागणार नाही.

६. माझ्या जुन्या कथांच्या कॅसेटी सुधींद्रला, ऐकण्यासाठी. एका कंपनीने त्याला सांगितले आहे की त्यांवरून माझा पूर्वीचा आवाज संगणकात तयार करून नव्या कथाही म्हणवता येतील. तो आनंदाने सांगत आला. "अप्पा, तुमचा आवाज परत येईल."

मी यंत्र लावून म्हणालो, "हा कुणाचा आहे रे मग?"

तो उठून गेला आणि बरेच दिवस आला नाही. अल्बमही त्याने ऐकला नव्हता. त्याची माया मला कळते. त्याला त्याचा बाप हवा आहे. तरी माझ्यामागे माझ्या आवाजाने, मी न म्हटलेले एक अक्षरही कोणी म्हणवू नये, ही माझी स्पष्ट मनाई आहे.

हा मसुदा मी सुधींद्रला वाचायला दिला. मनाईचे कलम त्याने दोनदा वाचले आणि तसेच राहू दिले. मग मागे जाऊन पाचव्या कलमावर बोट ठेवले.

"अप्पा, इथे मलाही लिहा," तो कागदाकडेच बघत म्हणाला. "कामाक्षीबाईंनी परवा मला रुग्णांच्या त्या खोलीत बसवलं होतं."

त्याप्रमाणे दुरुस्ती: 'श्वासावेगळे'चे हक्क ऋजुता व सुधींद्र या दोघांना, समान.

वरील मजकूर मी माझ्या यंत्राने साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून, पटवून सही केली आहे.

गुरुराज नरहरीराव (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. विश्वेश, मृदंगवादक, मैलापूर (सही)
२. कामाक्षी, वाचा-उपचारतज्ज्ञ, चेन्नई (सही)

मैलापूर, चेन्नई
९ फेब्रुवारी २०२५